मुलीने सुट्ट्यांचं विचारलं तर ऑफर जाईल का?

पत्र थोडक्यात असं. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजमधूनच पहिली नोकरी लागलीये, ऑफर लेटर आलंय, सही करायला पाच दिवस आहेत. लेटरमध्ये वर्षाला १२ भरपगारी रजा आहेत, पण पहिले सहा महिने प्रोबेशन आणि त्यात एकही नाही. चौथ्या महिन्यात तिच्या सख्ख्या भावाचं लग्न आहे, म्हणून तिला एचआरला विचारायचंय की ते चार दिवस आत्ताच मंजूर होतील का आणि प्रोबेशनमधल्या रजा पुढे जमा होतात का. वडील म्हणतात, एक शब्द काढायचा नाही, ऑफर जाईल. "मी ३१ वर्षांत हक्काची रजासुद्धा कधी पूर्ण घेतली नाही, म्हणून आज मला मान आहे. इतक्या सुट्ट्या हव्यात तर बँकेच्या परीक्षा दे म्हणावं. तिच्या मेलवरून मीच होकार पाठवून टाकू का? तिला जरा समजवा."

नमस्कार,

राग मानू नका, पण समजवायचं तर मला आधी तुम्हालाच समजवावं लागेल.

पहिलं म्हणजे तिच्या मेलवरून काहीही पाठवू नका. पासवर्ड तुमच्याकडे असेल तर आजच तिला बदलायला सांगा. सही तिची, नोकरी तिची, आणि उद्या कुणी "तुम्ही हे मान्य केलं होतं" म्हणालं तर उत्तर तिलाच द्यायचंय, तुम्हाला नाही. जी मुलगी ऑफर लेटर शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, प्रोबेशनमध्ये रजा नाही हे तिच्या लक्षात येतं, चार महिन्यांनी येणारी अडचण तिला आज दिसते, तिला कामाची समज आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांनी लेटरमधला पगाराचा आकडा सोडून काहीही वाचलेलं नसतं, हो.

आणि लग्न कुणाचं आहे? तुमच्याच मुलाचं. तुम्ही लिहिलंय, "ती आदल्या रात्री येईल, लग्न लागलं की निघेल, त्यात काय." हे वाक्य मी परत परत वाचलं. घरचं कार्य आहे आणि धाकटी बहीण पाहुण्यासारखी येऊन जाणार, आणि हे कंपनीने सांगितलेलं नाही, कंपनीला तर अजून कुणी विचारलेलंच नाही, हे तुम्ही आधीच परस्पर ठरवून टाकलंय.

३१ वर्षांचं तुम्ही अभिमानाने लिहिलंय, त्याला मी कमी लेखत नाही. त्या नोकरीवर घर उभं राहिलंय, मुलं शिकली आहेत. पण मान मिळाला तो तुमच्या कामामुळे, रजा बुडवल्यामुळे नाही. या दोन गोष्टींची गाठ तुमच्या मनात इतकी घट्ट बसलीये की आता तीच तुम्ही मुलीच्या गळ्यात बांधताय. जपानमध्ये रजा न घेणं म्हणजे निष्ठा असं लोक वर्षानुवर्षं मानत आले, आणि शेवटी २०१९ पासून तिथे कायदाच करावा लागला, की ज्याला वर्षाला १० किंवा जास्त दिवस रजा मिळते त्याच्याकडून त्यातले किमान ५ दिवस मालकाने घ्यायला लावलेच पाहिजेत. जबाबदारी मालकावर, कारण कामगार स्वतःहून मागत नव्हते.

आता तुमचा खरा गैरसमज. तुम्ही लिहिता, "सुट्टी ही कंपनीची मर्जी, पगार मिळतोय हे काय कमी आहे." सुट्टी पगारापेक्षा वेगळी नसते हो, ती पगारातच असते. पाच दिवसांचा आठवडा धरला तर वर्षाला २६० दिवस होतात. एकीकडे १२ रजा आणि दुसरीकडे २० रजा, पगार अगदी सारखा, तर दुसऱ्या ठिकाणी तेवढ्याच पैशात ८ दिवस कमी काम, म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवसाचा मोबदला तीनेक टक्क्यांनी जास्त पडतो. पगारात तीन टक्के वाढवून मागितले असते तर तुम्हाला ते हुशारीचं वाटलं असतं, रजा मागितली की उद्धटपणा वाटतो. आणि मर्जीचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या करारात एका वर्षाच्या नोकरीमागे किमान तीन कामाचे आठवडे भरपगारी रजा धरलीये आणि पैसे घेऊन ती किमान रजा सोडून द्यायचा करार केला तर तो रद्दच धरायचा असं त्यातच लिहिलंय. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, अमेरिकेत तर खाजगी नोकरीत भरपगारी रजा द्यायलाच हवी असा देशपातळीवरचा कायदाही नाही, तिथे सगळं ऑफर लेटरवर आणि बोलणीवर अवलंबून. मग तिथे तर विचारणं जास्तच गरजेचं झालं ना?

ऑफर जाईल का? शांतपणे, मोजकं विचारलं तर सहसा नाही. ऑफर निघते तोवर कंपनीने मुलाखतींवर कित्येक तास घालवलेले असतात, एका प्रश्नासाठी परत सगळं पहिल्यापासून करायची हौस कुणाला नसते. क्वचित कुठे मागे घेतातही, खोटं सांगणार नाही. पण चार दिवसांच्या प्रश्नावरून जी कंपनी ऑफर काढून घेते, ती मुलगी आजारी पडल्यावर कशी वागेल याचा विचार करा.

माझ्या पहिल्या नोकरीत मी काहीच विचारलं नव्हतं. पाचव्या महिन्यात आईचं ऑपरेशन निघालं, मी शुक्रवार आणि सोमवार घरी थांबले. महिनाअखेरीला पगाराची स्लिप आली, त्यावर बिनपगारी दिवस ४. मी बोटांवर मोजलं, परत मोजलं, मग शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी सांगितलं, अगं मधला शनिवार-रविवारही धरतात, याला सँडविच म्हणतात, पॉलिसीत आहे. ती पॉलिसी मला जॉइन झाल्यावर मिळाली होती, सही झाल्यानंतर. पैशांपेक्षा मला याचं वाईट वाटलं की एक प्रश्न आधी विचारला असता तर मी गुरुवार-शुक्रवार घेतला असता.

म्हणून आता हा भाग तिला वाचायला द्या. बाळा, वर्षाच्या १२ च्या १५ करा असं मागू नकोस, फ्रेशरला तो आकडा बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सारखाच असतो आणि एचआरच्या हातात नसतो. हातात काय असतं तर जॉइनिंगची तारीख, आधी ठरलेले दिवस मंजूर करणं, घरून कामाचे दिवस, प्रोबेशनमधली रजा जमा धरणं. तेवढंच माग, आणि सही करायच्या आधी, कारण सही झाली की तुझ्या प्रश्नाला घाई उरत नाही. मेल साधा लिही: "ऑफरबद्दल मनापासून आभार, मी जॉइन व्हायला उत्सुक आहे. चौथ्या महिन्यात घरी लग्न आहे, त्या चार दिवसांची रजा, बिनपगारी चालेल, आत्ताच नोंदवून ठेवता येईल का? आणि प्रोबेशनमधल्या रजा कन्फर्म झाल्यावर जमा होतात का?" बस. सोबत रजेची पॉलिसी मागून घे आणि त्यात बघ, आजारपणाची रजा वेगळी आहे की त्याच १२ मध्ये, उरलेल्या पुढच्या वर्षी जातात की बुडतात, नोकरी सोडताना त्यांचे पैसे मिळतात का, आणि ते सँडविच. उत्तर फोनवर आलं तर "बोलल्याप्रमाणे असं ठरलं" असा दोन ओळींचा मेल त्याच दिवशी टाक, कारण आज हो म्हणणारा माणूस चार महिन्यांनी तिथे असेलच असं नाही. पुढे कधी कुणी "आमच्याकडे अमर्याद रजा" म्हणालं तर हुरळू नकोस, विचार की टीममधल्या लोकांनी गेल्या वर्षी किती घेतली. जिथे शिल्लकच मोजत नाहीत, तिथे सोडताना पैसे कशाचे मागणार?

बँकेच्या परीक्षांचं म्हणाल तर तिला बँकेत काम करायचं असेल तर जरूर द्यावी, सुट्ट्यांवरून टोमणा म्हणून नको.

मेल तिला लिहू द्या, तुम्ही फक्त वाचा, तोही तिने दाखवला तर. आणि तुमच्या स्वतःच्या खात्यावर किती रजा शिल्लक आहे ते उद्या ऑफिसात विचारून घ्या, लग्नाच्या आधीचा आठवडा तुम्हालाही लागेल.