उजनीतली लाँच विजेवर नेण्याआधी

सोलापूर

प्रिय मित्रा,

कुगाव–कळाशी फेरीची लाँच बॅटरीवर चालवायचा तुझा बेत चांगला आहे. पण मोटारींचे कॅटलॉग मिटून ठेव आणि आधी डिझेलचा हिशेब मांड.

ताशी 4 लिटर जळतं असं धरू. लिटरमागे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तासाला पावणेअकरा किलो. छोटं इंजिन लिटरमागे शाफ्टला जेमतेम 3 युनिट देतं, म्हणजे 12. तेवढ्याच कामासाठी चार्जर, बॅटरी, मोटार यांतली घट धरून मीटरवर 14–15 युनिट पडतील. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण 0.7 किलो सोडते. झाले की दहा किलो! नॉर्वेत 2015 साली ‘अँपियर’ ही बॅटरीवरची फेरीबोट सुरू झाली, तिच्यामागे जलविद्युत होती. आपल्या सोलापूरजवळच्या आहेरवाडीच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, आणि तोही उजनीच्याच पाण्यावर.

खरी बचत वेगात आहे. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ताशी 9 किलोमीटरऐवजी 7 ने गेलास, तर 12 किलोवॉटच्या जागी साडेपाच-सहा पुरतात. 3 किलोमीटरच्या फेरीला सहाएक मिनिटं जास्त लागतील. दुचाकी चढवायलाच तेवढा वेळ जातो. लाँचचा पंखा (प्रॉपेलर) मात्र मोठा आणि सावकाश फिरणारा घे, जुनाच ठेवलास तर फायदा अर्धा वाया जाईल.

दिवसाला चार तास चालायचं तर 22–23 युनिट लागतील. 30 टक्के राखीव धरून 35 युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घे. वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. ती तळाशी, मधोमध, पट्ट्यांनी घट्ट बांधून बसव. छतावर सोलर पॅनेल लावायचा मोह आवर. 21 मे 2024 ला याच मार्गावर वादळात होडी उलटून सहा जण गेले. उंचावरचं वजन आणि वारा धरणारं छत आपल्याला नको. केरळची ‘आदित्य’ छतावर पॅनेल मिरवते, पण ती जोड-तळाची आहे आणि मुळापासून तशीच बांधलेली. तू पॅनेल काठावर लाव. 5 किलोवॉटचे रोज वीसेक युनिट देतील. ऊन असतं तेव्हा लाँच पाण्यात असते, म्हणून काठावर एक साठवण-बॅटरी लागेलच. ‘अँपियर’च्या दोन्ही धक्क्यांवरही तशा आहेत, गावची लाइन अशक्त म्हणून.

आता खरी डोकेदुखी. धरण मायनसमध्ये (मृतसाठ्यात) गेलं की काठ शेकडो मीटर मागे सरतो आणि पक्का चार्जिंग पॉइंट चिखलाकडे बघत बसतो. चार्जर काठावर ठेवून कमी व्होल्टची लांब केबल ओढलीस तर व्होल्टेज पडतं. त्यामुळे चार्जर लाँचवरच ठेव आणि काठावरून 230 व्होल्टची जाड केबल रिळावर आण, आरसीसीबीसकट (गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

48 व्होल्टवर पूर्ण वेगाचे 12 किलोवॉट म्हणजे 250 अँपिअर. एक लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) सैल राहिला की वितळलाच. 96 व्होल्ट घे, करंट निम्मा होतो. फ्यूज बॅटरीच्या टोकालगत हवा. बॅटरीची दोन्ही टोकं लाँचच्या सांगाड्यापासून अलग ठेव आणि दर महिन्याला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लाव. चार्ज किती उरलाय ते व्होल्टमीटरवरून ठरवू नकोस; एलएफपीचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंटवाला मीटर बसव. मे महिन्यात बॅटरीचा कप्पा 45 अंशांवर गेला तर बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) चार्जिंग तोडेल, तेव्हा कप्प्याला पंखा दे आणि चार्जिंग पहाटे उरकून घे.

प्रॉपेलरमध्ये जाळं किंवा जलपर्णी अडकली की कंट्रोलर ट्रिप होतो, मग मोटार चालूच होत नाही. दोन वल्ही आणि नांगर लाँचवर कायम असू दे, आणि लाइफ जॅकेट माणशी एक.