मित्राला न दुखवता गोल्फच्या प्रोकडे शिकायला जाता येईल?

'ताई, मी बावन्न वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी एका जिवलग मित्राने मला गोल्फची गोडी लावली. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरायचा कसा इथपासून सगळं त्यानेच शिकवलं. पण गेलं वर्षभर माझा खेळ आहे तिथेच अडकलाय. ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबने, मारलेला बॉल उजवीकडे वळतो आणि झाडीत जातो. मित्र प्रत्येक फटक्याला काहीतरी सांगतो, रात्री मी व्हिडिओ बघतो आणि सकाळी डोक्यात दहा सूचना घेऊन टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहतो. आमच्या गोल्फ क्लबच्या प्रोकडे, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षकाकडे, रीतसर शिकावं असं फार वाटतं. पण मित्राला काय वाटेल? आणि आहे तेवढाही खेळ बिघडला तर? पुढच्या आठवड्यात आमची स्पर्धा आहे, त्याआधी जाऊ का?'

शिकायला जरूर जा. फक्त स्पर्धेच्या आधी नको.

स्वतःचा स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची पद्धत, स्वतःला दिसत नाही, ही या खेळातली मोठी अडचण आहे. रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकताना 'हा माझा नाहीच' असं वाटतं ना, तसंच इथे होतं. क्लब सरळ मागे नेला असं तुम्हाला मनापासून वाटतं आणि प्रत्यक्षात तो भलतीकडूनच फिरून आलेला असतो. त्यामुळे व्हिडिओतला माणूस कितीही छान समजावत असला तरी त्याला तुम्ही दिसत नाही. तुमच्या मित्राला तुम्ही दिसता, पण त्यालाही बॉल कुठे गेला एवढंच कळतं. तो का गेला हे ओळखणं हे वेगळं कसब आहे.

तुमचं दुखणं म्हणजे स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल असा वळतो, कारण फटका बसतो त्या क्षणी क्लबचं तोंड (बॉलला लागणारी सपाट बाजू) क्लबच्या मार्गापेक्षा उजवीकडे उघडलेलं असतं. बॉल निघतो मुख्यतः तोंडाच्या दिशेने आणि वळतो तोंड व मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. आता तुम्ही काय करत असाल? बॉल उजवीकडे जातो म्हणून थोडं डावीकडे वळून उभे राहत असाल. बहुतेक जण हेच करतात. त्याने क्लब आणखीच बाहेरून आत ओढला जातो, फरक वाढतो आणि बॉल जास्तच वळतो. मग मित्र म्हणतो, 'डोकं खाली ठेव.' तुम्ही मान घट्ट धरून ठेवता, अंग वळायचं थांबतं, सगळी भिस्त हातांवर येते. सांगणाऱ्याची माया खरी आणि ऐकणाऱ्याची मेहनतही खरी, पण मूळ दोष असतो तिथेच राहतो. वर्षभर तुमचं हेच झालं असावं.

मूळ बऱ्याचदा ग्रिपमध्ये सापडतं. क्लब बोटांत असायला हवा तो तळहातात गेलेला असतो, किंवा डावा हात फारच डावीकडे फिरलेला असतो. चांगला प्रो आधी तुम्हाला काही बॉल मारू देईल आणि गप्प बघत राहील. कंबर, खांदा, मनगट दुखतं का, आठवड्यातून किती वेळा खेळता, काय साधायचंय, हे विचारेल. बॉल क्लबच्या तोंडावर नेमका कुठे लागतो हे बघायला तोंडावर पावडरचा फवारा मारेल किंवा टेप चिकटवेल. समोरून आणि मागून चित्रण करून दाखवेल. आणि मग एकच गोष्ट बदलायला सांगेल, फार तर दोन.

आता तुमच्या भीतीबद्दल. खेळ काही दिवस बिघडेल, हे आधीच धरून चाला. ग्रिप थोडीशी जरी बदलली तरी क्लब परक्याचा वाटतो. हात जुन्या सवयीकडे धावतात, आधी बसत होते तेही फटके चुकतात. पहिल्याच राउंडला स्कोअर वाढला, म्हणजे फटके जास्त लागले, म्हणून शिकणं सोडणारे फार असतात, आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण बदल अंगात मुरायला त्यांनी वेळच दिलेला नसतो. म्हणूनच स्पर्धेच्या तोंडावर नको म्हणते. नंतरचे काही आठवडे स्कोअर लिहू नका. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, अर्धा स्विंग, हळू, पुन्हा पुन्हा. दोन शिकवण्यांच्या मधे सरावाला वेळ काढता येणार नसेल, तर मात्र आत्ता सुरूच करू नका.

बावन्नाव्या वर्षी शिकवणी लावायची लाज वाटत असेल तर दिग्गज गोल्फपटू जॅक निकलस आठवा. १९५० साली, दहा वर्षांचे असताना, ते प्रशिक्षक जॅक ग्राउट यांच्याकडे शिकायला लागले. जगज्जेते झाल्यावरही नव्या मोसमाच्या सुरुवातीला ते ग्राउटकडे जाऊन ग्रिप आणि उभं राहणं अशा अगदी प्राथमिक गोष्टी तपासून घेत. उलटं उदाहरणही आहे. गोल्फपटू बबा वॉटसन यांनी रीतसर शिकवणी घेतली नाही आणि तरी २०१२ आणि २०१४ मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. पण ते लहानपणापासून स्वतःच्या कलाने खेळत, बॉल हवा तसा वळवत मोठे झाले. तुमच्या डोक्यात दहा जणांच्या सूचना आहेत. तेव्हा त्यांचा दाखला तुम्हाला लागू नाही.

प्रो निवडताना तो स्वतः किती चांगला खेळतो याला फार महत्त्व देऊ नका. त्याला दुसऱ्या कुणाला शिकवताना लांबून बघा. शिकणारा गोंधळून बाहेर पडतो की काय करायचं ते समजून? आधी एकच शिकवणी घ्या, पटली तरच पुढच्या ठरवा. पहिल्याच भेटीत नवा ड्रायव्हर घ्यायला सांगणाऱ्यापासून जरा जपून. आणि सगळा वेळ ड्रायव्हरवर घालवू नका. पार ७२च्या, म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या, कोर्सवर अठरा ग्रीनपैकी प्रत्येकावर दोन पटिंगचे फटके (बॉल हळूच छिद्राकडे ढकलायचे) धरले तर ३६ फटके पटिंगचेच होतात. एक शिकवणी त्यासाठी राखून ठेवा.

राहिला मित्र. त्याच्यापासून लपवू नका. रेंजवर त्याला तुम्ही प्रोबरोबर अचानक दिसलात तर ते जास्त लागेल. स्वतःच सांगा, 'तू मला हा खेळ दिलास, आता त्यात जरा पुढे जायचंय. म्हणून काही दिवस मी फक्त प्रोचंच ऐकणार आहे.' त्यापुढे स्पष्टपणे एक मागणं मागा, की राउंडमध्ये फटक्यांबद्दल त्याने काही बोलू नये. ज्याने तुम्हाला एवढ्या प्रेमाने शिकवलं, तो हे समजून घेईल असं मला वाटतं. पहिल्यांदा थोडा गप्प झाला तर होऊ द्या, खेळायला मात्र त्याच्याबरोबरच जात राहा.

हे बोलणं स्पर्धेआधीच उरका, कारण स्पर्धेच्या राउंडमध्ये तुमच्या कॅडीखेरीज (क्लबची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाखेरीज) कुणाकडून सल्ला मागता येत नाही आणि मित्रालाही तो तुम्हाला देता येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत, त्याचा दंड दोन फटक्यांचा आहे. सवयीने तो 'डोकं खाली' म्हणाला तर भुर्दंड त्यालाच पडेल. स्पर्धा आहे त्याच स्विंगने, उजवीकडची झाडी गृहीत धरून खेळा, आणि ती संपली की प्रोची वेळ घ्या.