शाळेतील मुलांना शेतावर प्रत्यक्ष काम करण्यासाठी न्यायचे असेल तर सहल कशी आखावी?

तुम्ही विचारले आहे की, कोल्हापूर शहरातील तुमच्या शाळेच्या सातवीच्या 45 मुलांना शेतावर नेऊन प्रत्यक्ष काम करू द्यायचे आहे. त्यासाठी कृषी पर्यटन केंद्र निवडावे की एखादा साधा शेतकरी गाठावा, आणि डिसेंबरातील सहलींच्या दिवसांत हे बसवता येईल का. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीपूर्वीची बरीच वर्षे मुलांना करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील शेतांवर नेत असे, म्हणून अनुभवाने सांगतो. तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटचा आहे. ठिकाण कोणतेही चालेल, पण तारीख शाळेने ठरवायची नसते, ती पिकाने ठरवायची असते.

हे मला फार उशिरा आणि एका चुकीतून कळले. एका वर्षी आमच्या सहलीची तारीख चाचणी परीक्षा आणि गणपतीच्या सुट्ट्या यांच्या मधल्या फटीत, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बसवली होती. शेतात भुईमूग होता आणि मुलांना खुरपणी द्यायची असे मीच ठरवले होते. शेतकरी भला माणूस, त्याने मास्तरांचा शब्द मोडला नाही. मुले उत्साहाने ओळींत बसली, आणि अर्ध्या तासाने एक मुलगी हातात पांढुरका, सुईसारख्या टोकाचा धागा घेऊन माझ्याकडे आली. तिने विचारले, "सर, हे मूळ वरून खाली का आलंय? मुळं तर खालीच असतात ना?" मी तो धागा पाहिला आणि माझ्या लक्षात आले की ती भुईमुगाची आरी होती. भुईमुगाचे फूल जमिनीवर फुलते, ते सुकल्यावर त्याच्या तळातून ही आरी निघते, वाकून मातीत शिरते आणि मग मातीत तिच्या टोकाला शेंग धरते. मुलांच्या खुरप्यांनी त्या दिवशी अशा कितीतरी आऱ्या तुटल्या होत्या, म्हणजे तितक्या शेंगा धरण्याआधीच गेल्या होत्या. शेतकऱ्याला मी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, आऱ्या सुटल्या की रानात खुरपं घालत न्हाईत." त्या मुलीचा प्रश्न हा माझ्या नोकरीतील सर्वांत चांगल्या प्रश्नांपैकी एक होता, पण तो एका कष्टकरी माणसाच्या पिकाचे नुकसान करून मिळाला, याची खंत मला आजही आहे. ऑक्टोबरात काढणीच्या वेळी आम्ही पुन्हा गेलो, आमच्या ओळींतील दहा झाडे आणि शेजारच्या ओळींतील दहा झाडे उपटून त्यांच्या शेंगा मुलांकडून मोजून घेतल्या, आणि फरक मुलांनी स्वतः फळ्यावर मांडला. त्या वर्षीची नुकसानभरपाई आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून दिली.

म्हणून माझा सल्ला असा आहे की एका मोठ्या सहलीऐवजी त्याच शेतावर दोन लहान फेऱ्या करा. खरिपाचा भुईमूग त्यासाठी उत्तम आहे, कारण त्याचे वेळापत्रक शाळेच्या पहिल्या सत्रात नेमके बसते. जूनमध्ये पेरलेल्या भुईमुगाला साधारण 25 दिवसांनी, म्हणजे जुलैच्या मध्यास, खुरपणी हवी असते. पेरणीनंतर महिनाभराने फुले लागतात, त्यानंतर आऱ्या सुटतात, आणि जातीप्रमाणे 100 ते 115 दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी, शेंगा काढणीला येतात. जुलैत ज्या ओळीतील तण आपण काढले त्याच ओळीतील शेंगा ऑक्टोबरात आपण उपटायच्या, एवढे साधे सूत्र ठेवले तरी मुले मधल्या अडीच-तीन महिन्यांत पाऊस पडला की भुईमुगाची चौकशी करतात, हे मी पाहिले आहे. डिसेंबरात नेले तर आपल्याकडे ऊसतोड आणि गुऱ्हाळे चालू असतात, पण त्या दोन्ही कामांत बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देण्यासारखे जवळजवळ काही नसते.

गुऱ्हाळाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण कोल्हापुरात शेताची सहल म्हटले की सगळे तिकडेच वळतात. काहिलीतील, म्हणजे मोठ्या कढईतील, उसाचा रस उकळून गूळ होण्याच्या बेताला 115 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, चुलवाणाच्या, म्हणजे भट्टीच्या, बाजूला आच असते आणि ऊस पिळणाऱ्या चरकाला ऊस आणि हात यांतला भेद कळत नाही. गुऱ्हाळ दाखवायचे असेल तर एका वेळी दहाच मुले न्या, दोरी बांधून अंतर राखा, आणि गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, विनंती करा की पाक पाण्यात टाकून गोळी धरते का ते कसे पाहतात, हे त्याने सावकाश दाखवावे. मात्र ते पाहणे आहे, करणे नव्हे, आणि तुमचा हेतू करण्याचा आहे.

हाच फरक ठिकाण निवडताना लक्षात ठेवा. कणेरी येथील सिद्धगिरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय अवश्य दाखवावे, पण तेथील नांगर पुतळ्याच्या हाती आहे. कृषी पर्यटन केंद्रात स्वच्छतागृह, सावली, जेवण यांची सोय असते आणि तिसरी-चौथीच्या मुलांसाठी ते योग्यच आहे. परंतु तेथे मुलांसाठी राखून ठेवलेल्या चार वाफ्यांत रोज नवी शाळा तेच रोप लावते, आणि सातवीच्या मुलांना हे लगेच ओळखू येते. ज्या कामाची शेतकऱ्याला खरोखर गरज आहे तेच काम मुलांना द्यावे, असे माझे ठाम मत आहे. शहरापासून 15-20 किलोमीटरच्या आत जमीन असलेले पालक, शिपाई किंवा माजी विद्यार्थी तुमच्या शाळेत नक्की सापडतील. जमीन नदीकाठची नको, माळाची पाहा. जुलैत पंचगंगेला कधीही पूर येतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की सहल पुढे ढकला, कारण त्यापूर्वीच कित्येक बंधारे पाण्याखाली गेलेले असतात आणि रस्ते वळवलेले असतात. शेतकऱ्याला त्या दिवसाची मजुरी आणि नुकसानीपोटी काही रक्कम आधीच ठरवून द्या. केवळ श्रीफळ आणि शाल देऊन निघून येणे मला कधीच पटले नाही.

प्रत्यक्ष दिवशी 45 मुलांचे पाच गट करा आणि प्रत्येक गटासोबत शेतावरचे एक मोठे माणूस ठेवा. शिक्षकांनी मागे राहावे. पहिल्या अर्ध्या तासात 33 फुटांची दोरी देऊन मुलांना चौरस आखायला सांगा, म्हणजे एक गुंठा किती असतो हे त्यांना चालून कळते. ओळींत 30 सेंटिमीटर आणि रोपांत 10 सेंटिमीटर अंतर असेल तर एका गुंठ्यात सुमारे 3,370 रोपे बसतात. त्याला 40 ने गुणले की एकराचा हिशेब येतो. वर्गात कंटाळा येणारे गणित तेथे भांडून सोडवले जाते.

मग खुरपणी. लव्हाळा हे तण नुसते ओढले तर पाते हातात येते आणि गाठ मातीत राहते, आणि आठवड्यात ते पुन्हा उगवते. खुरपे तिरके घालून ते गाठीसकट कसे काढायचे हे शेतकरी घरातील मुलांना ठाऊक असते. त्यांनाच गटाचे प्रमुख करा, कारण वर्गात त्यांना हा मान फार क्वचित मिळतो. चुकून एखादे भुईमुगाचे रोप उपटले गेलेच तर रागावू नका, त्याची मुळे बादलीतील पाण्यात हलक्या हाताने धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. त्यांतील एक नखाने फोडायला सांगा. आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर त्या गाठीतील जिवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देत आहेत असे समजावे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा असतो, जे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या नात्यातलेच आहे.

काळजीच्या गोष्टींत हयगय नको. त्या शेतात आणि शेजारच्या शेतात अलीकडे औषध फवारले आहे का, हे आदल्या दिवशी विचारा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल आहे का, हे पालकांकडून लेखी घ्या. विहीर आणि मोटारीच्या वायरी यांच्याजवळ एक माणूस उभा ठेवा. सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन असलेले सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय आधी शोधून ठेवा. मुलींसाठी बंद स्वच्छतागृह नसेल तर ते शेत कितीही चांगले असले तरी निवडू नका. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या विजा बहुधा दुपारनंतर कडाडतात, म्हणून सकाळी आठला काम सुरू करून बाराच्या आत सर्वांना छपराखाली आणा.

काही पालक म्हणतील की मुलांना शाळेत खुरपायला पाठवत नाही. त्यांना शाळेत बोलावून शांतपणे सांगा की ही मजुरी नव्हे, विज्ञान आणि गणिताचा तास आहे. शिवाय 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांचीही संमती सहज मिळते. एका आजोबांनी मात्र माझ्याशी वाद घातला आणि ऑक्टोबरच्या फेरीला स्वतःच विळा घेऊन आले.

शेतकऱ्याशी बोलणी मे महिन्यातच उरका. मृगाचा पाऊस लागून पेरणी सुरू झाली की त्याला तुमचा फोन घ्यायलाही सवड राहणार नाही, आणि पेरणीची कुरी रानात असतानाच तुमच्या पाच गटांच्या ओळी खुणेच्या काठ्या रोवून ठरवून घ्यायच्या आहेत.