आखणीला चुंबकाची मदत घे, पण त्याचं तोंड पुसून

लोखंडी कामाची आखणी करताना तुझी अर्धी ताकद वस्तू धरून ठेवण्यात जाते. एका हातात गुण्या, दुसऱ्यात टेप, मग खुणेची सुई धरायची कशात? म्हणून पहिल्यांदा चुंबकाची लेव्हल घे. उभ्या पाइपला ती चिकटली की दोन्ही हात मोकळे. ओळंब्याची दोरी वर अडकवायलाही छोटं चुंबक छान चालतं.

मात्र एक सवय आत्ताच लावून घे. लावण्याआधी चुंबकाचं तोंड दर वेळी फडक्याने पूस. ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा तिथे केसांसारखा उभा राहतो, आणि एखादा कण जरी खाली अडकला तरी चुंबकाचा गुण्या कलतो. अर्धा मिलिमीटर कण 100 मिलिमीटरच्या गुण्याखाली आला, तर एक मीटरवर फरक पाच मिलिमीटर. मी अशी एक अख्खी चौकट कापून परत जोडली आहे. तेव्हापासून टॅक, म्हणजे वेल्डिंगचा छोटा तात्पुरता टाका, मारल्यावर कर्ण मोजल्याशिवाय पुढे जात नाही.

वेल्डिंग करताना चुंबक सांध्यापासून लांब ठेव. जवळ असलं की आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ठिणगी, भरकटतो. साधं निओडिमियमचं चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या वर तापलं की ताकद कायमची गमावू शकतं. टॅक बसला की काढूनच घे.

ॲल्युमिनियम आणि 304 स्टेनलेसवर यातलं काही चिकटणार नाही, तिथे क्लॅम्पच. आणि पेसमेकर असलेल्या माणसाजवळ ही चुंबकं नेऊ नकोस.