विम्बल्डनमध्ये पहिल्याच सामन्यात हरणाऱ्यालाही पाऊण कोटी मिळतात, हे खरं आहे का? हरण्याचे एवढे पैसे कशासाठी?

हो, खरं आहे. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरलेल्या प्रत्येकाला ६६,००० पाउंड मिळाले. तेव्हाच्या दराने साधारण ७६ लाख रुपये. विजेत्यांना, म्हणजे यानिक सिनर आणि इगा श्वियाँतेक यांना, प्रत्येकी ३० लाख पाउंड. पुरुष आणि महिलांना रक्कम सारखीच; अमेरिकन ओपनने हे १९७३ मध्येच केलं, विम्बल्डनला २००७ उजाडलं.

एक गैरसमज आधी दूर करतो, कारण तो मला रोज ऐकू येतो. फेऱ्यांच्या रकमांची बेरीज होत नाही. २०२५ ला दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला ९९,००० पाउंड, एवढेच. पहिल्या फेरीचे त्यात वेगळे मिळवायचे नाहीत. आणि दुहेरीचा जो आकडा छापून येतो तो जोडीचा असतो, दोघांत वाटायचा.

आता 'हरण्याचे पैसे' याबद्दल. मी पुण्यात डेक्कनजवळ रॅकेटचं गटिंग, म्हणजे तार बसवायचं काम करतो. २०१८ ते २०२३ बालेवाडीला एटीपीची, म्हणजे पुरुष टेनिसच्या वरच्या दर्जाची, स्पर्धा होत असे. ती गेली, आता तिथे चॅलेंजर ही एक पायरी खालची स्पर्धा होते. पण माझ्याकडे येतात ते त्याहून खालच्या पायरीवरचे, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या स्पर्धा खेळणारे. त्यांतल्या सगळ्यात लहान, १५,००० डॉलरच्या स्पर्धेत एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर मिळतात. तेरा-चौदा हजार रुपये. त्यात प्रवास, बहुतेक वेळा राहणं-खाणंही स्वतःचं.

मागे असाच एक मुलगा आला होता, विशीतला, बाहेरगावचा. तारेचं रीळ त्याचं स्वतःचंच, मला फक्त मजुरी द्यायची. दोनशे मीटरच्या रिळात सोळा-सतरा रॅकेट्स होतात. रिळावर किती तार उरली आहे ते त्याने उलगडून, हाताने वावावर मोजलं. तीन रॅकेट्सपुरती होती. मग त्याने बॅगेतली दुसरी रॅकेट पुढे केली आणि विचारलं, ही अजून एक मॅच काढेल का? उभी आणि आडवी तार जिथे घासतात तिथे खाच पडते. मी नखाने चाचपून पाहिलं, अर्ध्याच्या वर कापली गेली होती. नाही निघणार, म्हटलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मग दोन्ही करा. त्या स्पर्धेत तो पहिल्याच दिवशी हरला. खेळ वाईट नव्हता, समोरचा त्या दिवशी चांगला खेळला.

विम्बल्डनच्या एकेरीत १२८ जण खेळतात. त्यांतले १०४ च्या आसपास थेट रँकिंगवर येतात, १६ पात्रता फेरीतले तीन-तीन सामने जिंकून आणि बाकीचे वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांच्या खास आमंत्रणावर. म्हणजे पहिल्या फेरीत हरणारा माणूससुद्धा बहुतेकदा जगातल्या पहिल्या शे-दोनशेतला असतो, आणि तिथे पोचण्याआधी त्याने बहुतेकदा काही वर्षं अशा छोट्या स्पर्धा खेळलेल्या असतात. ते ६६,००० पाउंड त्या वर्षांचे असतात. त्यातून तिथला कर कापला जातो, उरलेल्यात कोच, फिजिओ, विमानाची तिकिटं.

याला एक वाईट बाजू होती, तीही सांगतो. दुखापत असूनही काही खेळाडू केवळ या रकमेसाठी कोर्टवर उतरायचे आणि अर्ध्यावर सामना सोडायचे. २०१७ च्या विम्बल्डनमध्ये जोकोविच आणि फेडरर या दोघांचेही प्रतिस्पर्धी एकाच दिवशी सामना अर्ध्यावर सोडून गेले. त्यानंतर २०१८ पासून नियम आला: स्पर्धेच्या ठिकाणी येऊन दुखापतीमुळे वेळेत माघार घेतली, तर पहिल्या फेरीची अर्धी रक्कम त्याला आणि अर्धी त्याच्या जागी येणाऱ्या 'लकी लूजर'ला, म्हणजे पात्रता फेरीत हरलेल्या खेळाडूला. मला हा नियम फार योग्य वाटतो.

हार म्हणजे कुचकामी, असंही नाही. २०२५ च्या विम्बल्डन फायनलमध्ये अमांडा अनिसिमोव्हाला एकही गेम मिळाला नाही, ६-०, ६-०. विम्बल्डनच्या महिला फायनलमध्ये असं त्याआधी १९११ मध्ये झालं होतं. उपविजेती म्हणून तिला १५ लाख २० हजार पाउंड मिळाले, आणि दोनच महिन्यांत अमेरिकन ओपनला तिने त्याच श्वियाँतेकला सरळ दोन सेटमध्ये हरवलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सुमित नागल. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने सांगितलं होतं, बँकेत जेमतेम ९०० युरो उरलेत, आणि फक्त एक कोच घेऊन फिरायचं तरी वर्षाला ८० लाख ते एक कोटी लागतात. जानेवारी २०२४ ला तो ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी खेळून मुख्य स्पर्धेत आला, ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं आणि दुसऱ्या फेरीत हरला. मिळाले १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे ९८ लाखांच्या आसपास. त्याच्याच हिशोबाने एका वर्षाचा खर्च.