एम.एस्सी. नसताना आयसीयूच्या नर्स एज्युकेटर पदाच्या मुलाखतीची तयारी कशी करावी?

तुमच्याकडे आयसीयूचा ६ वर्षांचा अनुभव आहे, नर्सिंगमधील एम.एस्सी. नाही, आणि पुण्यातील एका खासगी रुग्णालयाने तुम्हाला नर्स एज्युकेटरच्या, म्हणजे आयसीयूतील सिस्टरना कामावरच शिकवणाऱ्या नर्सच्या, पदासाठी मुलाखतीला बोलावले आहे. पदवीबद्दल विचारले तर काय सांगावे आणि पगार किती मागावा, असे तुम्ही विचारले आहे. यांतील पहिला प्रश्न मलाही विचारला गेला होता, आणि तो मुळीच सौम्य शब्दांत विचारलेला नव्हता.

मी ससूनमधून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, पुढे डिप्लोमानंतरची पदवी, म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी. केली आणि बरीच वर्षे आयसीयूत काढल्यावर याच पदासाठी येथील एका रुग्णालयात गेले. समितीत मेट्रन (नर्सिंग विभागाच्या प्रमुख), आयसीयूचे प्रमुख डॉक्टर, एचआरचे एक गृहस्थ आणि बाहेरून बोलावलेल्या एका नर्सिंग कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या होत्या. १० मिनिटे शिकवून दाखवायचे होते. मी स्लाइड नेल्याच नाहीत. पिशवीत एक्स्टेन्शन लाइन, तिला जोडलेला कनेक्टर, सलाइन भरलेली सिरिंज आणि अल्कोहोल स्वॅब एवढेच होते. ही सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, आहे असे समजून इंजेक्शन द्या, अशी मी डॉक्टरांनाच विनंती केली. त्यांनी कनेक्टरवरून स्वॅब एकदा फिरवला आणि सिरिंज जोडली. मी म्हटले, "सर, ३ सेकंद झाले. १५ सेकंद घासायचे असते, आणि वाळायला लागणारा वेळ त्याहून वेगळा." डॉक्टर हसले, मेट्रनने काहीतरी टिपून घेतले, आणि प्राचार्याबाईंनी पाठ-नियोजन मागितले. ते फाइलमध्ये तयार होते. बाईंनी ते वाचून मिटले आणि सांगितले की बेडसाइडला सवयी लावता येतात, अध्यापनासाठी मात्र एम.एस्सी.च हवी.

शिकवल्याचा परिणाम कशावरून ओळखायचा, असे मी त्यांना विचारले. "परीक्षेच्या गुणांवरून," असे उत्तर आले. माझे म्हणणे असे होते की महिन्याभराने न सांगता ऑडिट करून किती सिस्टर कनेक्टर पूर्ण १५ सेकंद घासतात ते मोजावे, आणि त्याबरोबर सेंट्रल लाइनच्या संसर्गाचा दर पाहावा. ८०० लाइन-दिवसांत (एका पेशंटला एक दिवस लाइन असणे म्हणजे एक लाइन-दिवस) २ संसर्ग झाले असतील तर तो हजार लाइन-दिवसांमागे २.५ येतो. लहान युनिटमध्ये एकाच संसर्गाने हा दर उसळतो, म्हणून नुसत्या दरावर विसंबून चालत नाही, हेही मी तेथेच सांगितले. पद मला मिळाले. बाईंचे मत बदलले नाही, आणि ज्या व्यक्तीने कित्येक वर्षांत एकही नाइट केलेली नाही तिने आयसीयूतील सिस्टरना शिकवू नये, हे माझेही मत कायम आहे.

तेव्हा पदवीचा प्रश्न आला की ओशाळू नका; कोणत्या नव्या सिस्टरला तुम्ही व्हेंटिलेटरचा पेशंट एकटीने सांभाळण्याइतके तयार केले आणि ते कसे, हे तपशिलाने सांगा. औषधांचे गणित तोंडी येऊ द्या: ५० मिलीमध्ये ४ मिलिग्रॅम नॉरअ‍ॅड्रिनलिन (रक्तदाब वाढवणारे औषध), वेग ताशी ५ मिली, पेशंट ६० किलोचा, तर डोस किलोमागे मिनिटाला सुमारे ०.११ मायक्रोग्रॅम. चुकीचे औषध गेल्यास काय कराल, हे बहुतेक विचारतातच. आधी पेशंट पाहायचा, डॉक्टरांना कळवायचे, इन्सिडेंट रिपोर्ट भरायचा आणि मग कारण शोधायचे; मेमोचा, म्हणजे सिस्टरला लेखी नोटीस देण्याचा, उल्लेख तुमच्या तोंडून येता कामा नये. वर्ग केव्हा घेणार यालाही उत्तर हवे, कारण स्टाफ कमी असताना कोणतीही इनचार्ज सिस्टर माणूस सोडत नाही. मी दुपारच्या हँडओव्हरला लागून १५ मिनिटे मागून घेतली होती. केरळची आणि मराठवाड्याची मुलगी एकाच वर्गात बसलेली असते, त्यामुळे कोणत्या भाषेत शिकवणार याचाही विचार करून जा.

हे सारे खासगी रुग्णालयापुरते आहे. नर्सिंग कॉलेजात किंवा सरकारी पाठ्यनिर्देशिकेच्या पदासाठी पात्रता नियमांनीच ठरलेली असते, तेथे माझा युक्तिवाद चालणार नाही. जमत असेल तर एम.एस्सी. जरूर करा, मी केली नाही त्याचे कारण घरचे होते, तत्त्वाचे नव्हते.

पगाराचा आकडा रुग्णालयागणिक इतका बदलतो की तो मी सांगत नाही. एज्युकेटर झाल्यावर जनरल ड्यूटी, म्हणजे फक्त दिवसाची पाळी, लागते आणि नाइटचा भत्ता बंद होऊ शकतो, तेव्हा हातात नेमके किती पडणार हे होकार देण्यापूर्वी एचआरकडून लेखी घ्या.