वाचकांचे प्रश्न : पलंगाला लागून ठेवायचा बाळाचा पाळणा

प्रश्न : माझे बाळंतपण एप्रिलच्या अखेरीस अपेक्षित असून डॉक्टरांनी सिझेरियनची शक्यता सांगितली आहे. रात्री दूध पाजण्यासाठी दरवेळी उठावे लागू नये म्हणून पलंगाला जोडून ठेवता येणारा पाळणा, म्हणजे बेडसाइड क्रिब, घ्यावा असे आम्हा दोघांना वाटते. सासूबाईंचे म्हणणे असे की, घरात चांगला सागवानी पाळणा असताना नवा कशाला? बर्डीवरच्या दुकानांत पाहिले, ऑनलाइनही पाहिले, परंतु निवड कशावरून करावी हे कळत नाही. पहिले तीन महिने मी वर्ध्याला माहेरी राहीन आणि नंतर नागपूरला येईन.
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : खरेदीला निघण्यापूर्वी आपला पलंग मोजा, आणि तोही दोन्ही घरांतला. अशा पाळण्याची सुरक्षितता त्याच्या रंगरूपापेक्षा तो आपल्या पलंगाशी कसा जुळतो यावर अधिक अवलंबून असते, आणि दुकानात हीच गोष्ट तपासता येत नाही, कारण पलंग घरी असतो. जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची, पलंगाच्या चौकटीची गादीबाहेर आलेली कड, आणि पलंगाखाली मोकळी जागा आहे की नाही, ही तीन मापे कागदावर लिहून घ्या.

यातले तिसरे माप बहुतेकांच्या लक्षात येत नाही. परदेशी धाटणीच्या बहुतेक बेडसाइड पाळण्यांचे पाय पलंगाखाली सरकतील अशा बेताने केलेले असतात. आपल्याकडे मात्र गाद्या-रजया ठेवण्याचा बॉक्स असलेले पलंग घरोघरी आहेत आणि ते थेट जमिनीला टेकतात. पाळण्याचे पाय तिथे आत जात नाहीत, पाळणा पलंगापासून काही इंच दूर राहतो, आणि मधली फट टॉवेल किंवा उशी कोंबून बुजवण्याचा मोह होतो. असे कधीही करू नये. कोंबलेली वस्तू रात्रीतून सरकते आणि तान्ह्या बाळाचे तोंड तिच्यात किंवा मोकळ्या झालेल्या फटीत अडकू शकते. आपला पलंग बॉक्सचा असेल, तर पलंगाकडचे पाय दुमडता येतात किंवा आखूड करता येतात असाच पाळणा शोधा. तसा मिळाला नाही, तर चारही बाजूंनी बंद असलेला साधा छोटा पाळणा हाताच्या अंतरावर ठेवणे हे फट असलेल्या जोडपाळण्यापेक्षा निश्चित चांगले.

उंचीचेही तसेच. पाळण्याची उघडी बाजू आपल्या गादीच्या पातळीशी जुळली पाहिजे. माहेरचा लाकडी पलंग आणि सासरचा पलंग यांच्या उंचीत चार-सहा इंचांचा फरक सहज असू शकतो, म्हणून उंची अनेक टप्प्यांत बदलता येणारा आणि घडी करून गाडीत नेता येणारा पाळणा आपल्यासाठी सोयीचा. आपल्याकडे रुईची गादी असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवी किंवा नुकती पिंजून आणलेली गादी फुगलेली असते आणि वापराने हळूहळू बसत जाते. सुरुवातीला जुळलेली पातळी महिन्या-दोन महिन्यांनी जुळेलच असे नाही, तेव्हा ती अधूनमधून पुन्हा तपासावी.

पाळणा पलंगाला बांधणारे पट्टे सोबत आलेच पाहिजेत आणि ते दररोज बांधलेलेच असले पाहिजेत. चाकांना ब्रेक आहे, एवढ्यावर विसंबू नये. बांधल्यावर आपण पलंगावर आडवे होऊन पाळणा जोराने ढकलून पाहावा. तो तसूभरही सरकता कामा नये. पलंगाकडची बाजू खाली केल्यावर ती पूर्ण सपाट होते की थोडा कठडा उरतो, हेही पाहावे. युरोपातील ईएन ११३० या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीनुसार, बाजू खाली असतानाही गादीच्या वर किमान १२० मिलिमीटर कठडा राहिला पाहिजे. बाळ लोळून मोठ्यांच्या गादीवर येऊ नये आणि मोठ्यांचे पांघरूण बाळाकडे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. विक्रेत्याला या मानकाविषयी विचारावे, आणि त्याला उत्तर देता आले नाही, तर फूटपट्टी घेऊन कठडा स्वतः मोजावा. आपण पलंगावर नसाल तेव्हा ती बाजू पूर्ण वर करून अडकवून ठेवावी, दिवसासुद्धा.

आतल्या गादीबाबत मी आग्रही आहे. ती सपाट आणि कडक असावी. तळहाताने दाबून हात उचलल्यावर तिच्यावर खळगा राहू नये. पाळण्यासोबत आलेलीच गादी वापरावी. मऊ वाटावे म्हणून तिच्यावर दुसरी गादी किंवा गोधडी घालू नये. मेणकापड आणि त्यावर इलॅस्टिकची घट्ट बसणारी सुती चादर, एवढे पुरे. कडेने लावायचे फुगीर तक्के दिसायला गोड असतात आणि दुकानदार ते पाळण्यासोबत देऊही करतात, पण ते घेऊ नयेत. अमेरिकेत २०२२ साली झालेल्या कायद्याने त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली.

त्याच कायद्याने १० अंशांपेक्षा अधिक उतार असलेल्या, तान्ह्या बाळांना निजवण्याच्या साधनांवरही बंदी आली, आणि सासूबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. अंग वाकलेल्या किंवा उतरत्या स्थितीत हनुवटी छातीवर टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबते. साडीच्या झोळीत हाच धोका आहे, म्हणून रात्रीच्या झोपेसाठी झोळी नको. आपल्या घरचा सागवानी पाळणा मात्र तळाने सपाट असेल, झोका बंद करून घट्ट अडकवता येत असेल आणि त्याच्या दांड्यांमधले अंतर ६ सेंटीमीटरच्या आत असेल, तर तो टाकून देण्याजोगा मुळीच नाही. बारशाला बाळाला त्यातच घालावे, नाव त्यातच ठेवावे, दिवसा कोणी जवळ बसलेले असताना तो वापरावा. रात्रीचा प्रश्न निराळा आहे. सिझेरियननंतरचे पहिले काही आठवडे खोल पाळण्यात वाकून बाळ उचलणे टाक्यांवर ताण आणणारे असते. त्या काळात कुशीवर वळून हात लांबवला की बाळ हाती यावे, हा जोडपाळण्याचा खरा उपयोग होय.

बाळ आईच्या खोलीत, आईच्या जवळ, परंतु स्वतःच्या वेगळ्या पृष्ठभागावर निजावे, असे अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते आणि किमान पहिले सहा महिने तसे करावे, असे सुचवते. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत निजते ही रीत जुनी आणि मायेची आहे, आणि जोडपाळणा तिच्या पुष्कळ जवळ जातो. दूध पाजून झाले की बाळाला पुन्हा पाळण्यात, पाठीवर निजवावे. पाजता पाजता डोळा लागेल अशी भीती असेल, तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजण्यापेक्षा उशा-पांघरुणे दूर केलेल्या पलंगावर पाजणे कमी धोक्याचे, आणि जाग येताच बाळ त्याच्या जागी न्यावे. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, तर या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये.

आपले बाळ नागपूर-वर्ध्याच्या उन्हाळ्यात येणार आहे, तेव्हा हवेचा विचार पाळण्याइतकाच महत्त्वाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अति उष्णता हाही बाळाच्या झोपेतल्या धोक्यांपैकी एक आहे. चारही बाजूंनी जाड कापडाचा पाळणा घेऊ नये. निदान दोन बाजू बारीक जाळीच्या असाव्यात. कूलरचा झोत थेट बाळावर येऊ नये, पण खोलीतली हवा खेळती असावी. मच्छरदाणी चौकटीवर ताणून बसवलेली असावी. सैल लोंबणारी जाळी बाळाच्या हाती किंवा तोंडावर येते. कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. बाळाला उकडते आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या छातीला किंवा मानेच्या मागे हात लावावा. हातपाय गार लागणे नेहमीचेच असते. कूलरची वायर, पडद्याची दोरी आणि मोबाइलचा चार्जर पाळण्यापासून दूर असू द्यावेत.

असा पाळणा फार काळ पुरत नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी लक्षात घ्यावे. बाळ कुशीवर वळू लागले, हातांवर रेटा देऊन उठू लागले किंवा उत्पादकाने दिलेली वजनाची मर्यादा, जी पुष्कळ पाळण्यांना ९ किलोच्या आसपास असते, गाठली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा त्याचा वापर थांबवावा. बहुतेक बाळांच्या बाबतीत हे पाच-सहा महिन्यांत होते.

प्रश्न : सुनेने नातवासाठी जोडपाळणा आणला आहे. आमच्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात, उशाशी लोखंडाची वस्तू ठेवतात. सून म्हणते की पाळण्यात काहीच नको. तिचे बरोबर आहे का?
– एक आजी, महाल, नागपूर

उत्तर : होय, सुनेचे बरोबर आहे आणि आपल्या काळजीलाही तितकाच अर्थ आहे, कारण डोके एका बाजूने चपटे होणे ही खरी अडचण आहे. जोडपाळण्यात ती थोडी वाढते, कारण बाळ आईच्या दिशेला, दुधाच्या वासाला तोंड करून एकाच कुशीला मान वळवून निजते. यावर उशीपेक्षा चांगला उपाय असा की, एका रात्री बाळाचे डोके पाळण्याच्या एका टोकाला आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या टोकाला ठेवावे, म्हणजे आईकडे पाहण्यासाठी मान आपोआप दुसरीकडे वळते. दिवसा बाळ जागे असताना, आपल्या डोळ्यांसमोर, त्याला थोडा वेळ पोटावर ठेवावे. हे काम आजीइतके निवांतपणे कोणी करू शकत नाही. मान सतत एकाच बाजूला राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मोहरीच्या उशीने बाळाची हनुवटी छातीकडे झुकते, आणि उशी सरकली तर तिच्यात तोंड दबण्याची भीती असते. लोखंडाची वस्तू ठेवायचीच असेल, तर ती पाळण्याबाहेर, बाळाचा हात कधीही पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावी. श्रद्धेला त्याने बाध येत नाही. गळ्यातला काळा दोरा किंवा मण्यांची माळ निजवताना काढावी. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर निजवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले आकस्मिक शिशुमृत्यू सुमारे निम्म्याने घटले. आपल्या पिढीला हे कोणी सांगितले नव्हते, कारण तेव्हा ते डॉक्टरांनाही पुरेसे माहीत नव्हते.

प्रश्न : साडूंकडून वापरलेला पाळणा मिळतो आहे, आणि ओळखीचा सुतार नवा करून देण्यासही तयार आहे. कोणता घ्यावा?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : वापरलेल्या पाळण्याचे सर्व स्क्रू, पट्टे आणि मूळ गादी सोबत असतील, जाळी कुठे उसवलेली नसेल आणि माहितीपत्रक हाती असेल, तरच तो घ्यावा. हरवलेल्या पट्ट्याऐवजी सुतळी किंवा ओढणी बांधून भागवू नये. पाळणा मोठा, लाकडी आणि एक बाजू खाचेत वरखाली सरकणारा असेल, तर सरळ नकार द्यावा. बाजू निखळून बाळे अडकल्यामुळे अमेरिकेत २०११ पासून अशा पाळण्यांच्या विक्रीला बंदी आहे.

सुताराकडून करून घ्यायचा तर त्याला पलंगापाशी बोलावून माप घ्यायला लावावे, आणि पलंगाशी घट्ट जोडता येतील असे बोल्ट त्याच्याकडून बसवून घ्यावेत. दांड्यांमधले अंतर ६ सेंटीमीटरच्या आत असावे, कोपरे गोल केलेले असावेत, आणि कपडा अडकेल असे एकही टोक वर आलेले नसावे. रंग द्यायचाच असेल, तर घरात उरलेल्या जुन्या डब्यातला देऊ नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत असले पाहिजे हा नियम आपल्या देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, तेव्हा त्यानंतरचा, डब्यावर तसा उल्लेख असलेला रंग आणावा. आणि हे काम बाळंतपणाच्या पुरेसे आधी पूर्ण करून घ्यावे, म्हणजे पॉलिश किंवा रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत पाळणा गच्चीवर किंवा गॅलरीत मोकळ्या हवेत ठेवता येईल.